भाव पडला म्हणजे आतली खबर असतेच का? लाइन मूव्हमेंट नक्की वाचायची कशी

खाडीपलीकडचा, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतोय, प्रोजेक्टला विषय घेतलाय की सामन्याआधी बेटिंगचे भाव कसे हलतात (यालाच लाइन मूव्हमेंट म्हणतात) आणि त्या हलण्यात खरंच काही माहिती असते का. विषय निवडायचं कारण घरातलंच आहे. आमच्याकडे संध्याकाळी जेटीवर पोरं बसतात, त्यांच्यात एक टेलिग्राम चॅनल फिरतंय, त्यावर रोजचा मेसेज, "सकाळी 95 होता, आता 72 ला आला, आतून खबर आहे, डोळे झाकून लावा". माझा आतेभाऊ ट्रॉलरवर जातो, त्याच्या वाट्याचे पैसे यात चाललेत आणि मी काही बोलायला गेलो की म्हणतो भाव काय उगाच पडतो का रे, कोणीतरी मोठा पैसा लावल्याशिवाय पडेल का.

आता त्याचा प्रश्न चुकीचा नाहीये हीच माझी अडचण आहे. भाव उगाच पडत नाही हे मलाही मान्य. मग त्याच्या विचारात नेमकं कुठे गळतंय ते आकड्यात दाखवता यायला हवं, नुसतं जुगार वाईट असतो म्हटलं तर तो उठून जातो. तर भाव हलतो कशाकशाने, ज्या बाजूला हलतो ती टीम जास्त जिंकते का, आणि हे रिव्हर्स लाइन मूव्हमेंट काय असतं, जाणकारांनी जरा विस्ताराने सांगा. डेटा कुठे मिळेल तेही.

सड्यावरचा, गुहागर (सध्या ठाणे)

भावाला सांग की तू बरोबर बोलतोयस, पण अर्धंच. भाव हलला म्हणजे काहीतरी माहिती आली हे बऱ्याच वेळा खरं असतं. पण फायदा झाला तो भाव हलायच्या आधी ज्याच्याकडे माहिती होती त्याचा, नंतर जो येतो त्याच्यासाठी ती माहिती भावात आधीच मुरलेली असते.

त्या चॅनलवाल्याचाच आकडा घेऊ. 95 पैशाचा भाव म्हणजे दशांशात 1.95, रुपया लावला तर मूळ रुपयासकट 1.95 परत येतात. 1 ला 1.95 ने भागलं की 51.3 टक्के. समोरच्या टीमचा भाव समज 1.87 होता, तिचे 53.5 टक्के. बेरीज झाली 104.8, शंभराच्या वरचे 4.8 हे बुकीचं मार्जिन, ते काढायला दोन्ही आकड्यांना 1.048 ने भागायचं, मग पहिल्या टीमची शक्यता निघते 49 टक्के. संध्याकाळी हा भाव 1.72 झाला आणि समोरचा 2.15. तसंच मार्जिन काढलं की पहिल्या टीमचे येतात साधारण साडेपंचावन्न टक्के. म्हणजे एवढा गाजावाजा कशाचा, तर 49 चे साडेपंचावन्न झाले याचा. अजूनही शंभरातल्या 44-45 वेळा तीच टीम हरणार आहे, आणि ज्या दिवशी हरेल त्या दिवशी चॅनलवर मेसेज डिलीट झालेला असेल.

आता पैशाचं बघ. संध्याकाळचा आकडा खरा धरला, म्हणजे खबर शंभर टक्के पक्की होती असं मानलं, तर सकाळी 1.95 ला ज्याने घेतलं त्याला शंभर रुपयांमागे सरासरी 108 परत, आठ रुपये वर. तुझा भाऊ 1.72 ला घेतो, त्याला शंभरामागे साडेपंचाण्णव परत, साडेचार रुपये खाली. टीम तीच, खबर तीच, खबर खरीसुद्धा, तरी एक कमावतो आणि दुसरा गमावतो, कारण किंमत वेगळी. हा एवढा हिशेब कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेव. टीम जिंकेल का हा प्रश्नच नाहीये, कोणत्या भावाला घेतली हा आहे, आणि जेटीवरच्या पोरांना हे कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

भाव कशाने हलतो याची कारणं बरीच आहेत पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. सगळ्यात मोठं कारण बातमी. कोणी जखमी झालं, पिच बदललं, टॉस झाला. आयपीएलमध्ये 2023 पासून कॅप्टन टॉसनंतर टीम जाहीर करतो, त्यामुळे टॉसच्या मिनिटाला दोन बातम्या एकदम येतात, आणि वानखेडेसारख्या ग्राउंडवर रात्री दव पडलं की बॉल ओला होतो, दुसऱ्यांदा बॅटिंग करणाऱ्याला सोपं जातं, हे सगळ्यांना माहीत असल्याने टॉस जिंकणाऱ्याचा भाव तिथल्या तिथे खाली येतो. यात आतलं बितलं काही नाही, टीव्हीवर सगळ्यांनी एकदमच बघितलेलं असतं.

दुसरं म्हणजे अभ्यासू लोकांचा पैसा. मोठे बुकी भाव उघडतात तेव्हा सुरुवातीला थोडेच पैसे घेतात, लिमिट कमी असते, कारण त्यांनाही आपल्या आकड्याची खात्री नसते. जे लोक मॉडेल लावून बसलेत ते चुकीच्या भावावर पहिल्यांदा हात मारतात, बुकी त्यांच्याकडून शिकतो, भाव सरकवतो, मग लिमिट वाढवतो. असं होत होत सामना सुरू व्हायच्या वेळचा भाव सगळ्यात पक्का होतो. म्हणून या क्षेत्रातले लोक स्वतःला मोजतात ते किती जिंकलो यावर नाही, मी घेतलेला भाव या शेवटच्या, म्हणजे क्लोजिंग भावापेक्षा चांगला होता का यावर. 2.10 ला घेतलं आणि बंद होताना दोन्ही बाजू 1.90 वर आल्या, म्हणजे खरी शक्यता 50 टक्के, तर तुझ्याकडे शंभरामागे पाचाची आघाडी होती, मग त्या दिवशी हरलास तरी घेतलेला भाव बरोबर होता.

तिसरं नुसतं कॉपी करणं. एका मोठ्या बुकीने भाव हलवला की बाकीचे मिनिटभरात त्याचं बघून हलवतात. लोकांना वाटतं दहा ठिकाणी पडला म्हणजे दहा जणांना खबर आहे, प्रत्यक्षात खबर एकच असते, बाकी नऊ नुसते त्याच्या मागे.

रिव्हर्स म्हणजे शंभरातल्या सत्तर लोकांनी एका टीमवर लावलंय तरी भाव दुसऱ्या टीमचा पडतोय. कारण लोक मोजणं वेगळं आणि पैसा मोजणं वेगळं, सत्तर जणांनी पाचशे-पाचशे लावले आणि एकाच जाणकाराने पाच लाख, तर बुकी कोणाचं ऐकेल. पण ते सत्तर टक्के कुठल्या दुकानातले हे बघ, एका साइटवरच्या तिकिटांचा आकडा म्हणजे पूर्ण बाजाराचा आकडा नव्हे.

देवगडचो बागायतदार

माका आंब्याचा ठावूक तर त्याच्यावरसून सांगतंय. वाशीत पेटीचो भाव पडलो ह्या आमका फोनार कळता तेव्हा सकाळचो बाजार झालेलो असता. ज्याची पेटी आधी गेली तेका जुनो भाव गावलो. भाव पडल्याचा आयकान जो रात्री गाडी भरता तेका पडलेलोच भाव गावतलो, आणि भाड्याचे पैसे वर. तुझ्या भावाक सांग, तो रात्री गाडी भरतासा.

चौल नाका, अलिबाग

सड्यावरच्याचं बहुतेक पटलं पण क्लोजिंग भाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं विद्यार्थ्याने मानू नये म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं महालक्ष्मीला रेसला जायचो, तिथे दोन प्रकार शेजारी शेजारी दिसतात. बुकीकडे जो भाव घेतला तो तुमचा, नंतर काही होऊ दे. टोटवर तसं नाही, तिथे सगळ्यांचे पैसे एका पेटीत, क्लबचा हिस्सा कापून उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं, म्हणजे तुम्ही तिकीट काढलं तेव्हा बोर्डावर 5 होता आणि घोडे सुटेपर्यंत लोकांनी त्याच घोड्यावर ओतलं तर तुम्हालाही 3 च मिळणार. टोटवर "आधीचा चांगला भाव" असं काही नसतंच. तर प्रोजेक्टमध्ये कोणत्या प्रकारचा भाव आहे ते आधी लिही.

दुसरं, लांबच्या, म्हणजे जिंकायची शक्यता फार कमी असलेल्या घोड्यांचे भाव कायम वाकडे असतात. लोकांना 50 ला एक असला घोडा आवडतो, थोडे पैसे लावून मोठं स्वप्न, म्हणून त्याच्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसा येतो आणि फेवरेटवर थोडा कमी. 1949 मध्ये ग्रिफिथ नावाच्या माणसाने अमेरिकन रेसच्या आकड्यांवरून हे पहिल्यांदा मांडलं, नंतर अनेकांना अनेक ठिकाणी तेच दिसलं. याचा तुला थेट उपयोग असा की वर मार्जिन सरळ भागाकाराने काढलंय ते 50-50 च्या आसपास ठीक आहे, पण एका बाजूला 1.15 आणि दुसरीकडे 6 असेल तर सरळ भागाकार कमजोर टीमला जास्त शक्यता देतो. तिथे पॉवरची पद्धत वापर, म्हणजे दोन्ही शक्यतांना असा एकच घात शोधायचा की बेरीज 1 येईल.

आणि लिमिट जिथे कमी तिथे क्लोजिंगही कच्चंच. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचा बंद भाव आणि कुठल्या तरी चौथ्या दर्जाच्या लीगचा बंद भाव एका मापाने मोजू नये.

एक राहिलं, अमेरिकेत लाइन म्हणजे बहुतेकदा गुणांचा फरक, भाव तसाच ठेवून फरक हलवतात. तिकडच्या फुटबॉलमध्ये सामने 3 गुणांनी सगळ्यात जास्त सुटतात, मग 7, त्यामुळे लाइन अडीचवरून साडेतीनवर गेली तर ती उडी मोठी, साडेचारवरून साडेपाच झाली तर त्या मानाने काहीच नाही. नुसता एक गुण हलला असं लिहिणं पुरेसं नाही, कुठून कुठे ते महत्त्वाचं. तिकडे 110 लावून 100 जिंकायचे असतात, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाच शंभरात 52.4 वेळा बरोबर यावं लागतं.

खाडीपलीकडचा

खूप आभार, दादा तो 108 आणि साडेपंचाण्णवचा हिशेब मी आज रात्रीच त्याला दाखवतो. देवगडच्या काकांचं तर त्याला लगेच कळेल, आमची पण पाच-सहा कलमं आहेत.

अजून दोन गोष्टी. तो म्हणेल आम्ही सामन्याआधी लावतच नाही, चालू सामन्यात लावतो, भाव फिरला की उडी मारतो. 2024 च्या टी-20 वर्ल्डकप फायनलचं उदाहरण तो सारखं देतो, आफ्रिकेला 30 बॉलमध्ये 30 हवे होते, सहा विकेट हातात, आणि तिथून आपण जिंकलो, म्हणतो तेव्हा इंडियावर लावणारे राजे झाले. आणि दुसरं, भाव विचित्र हलला की म्हणतात मॅच फिक्स आहे. यात तथ्य किती?

हर्णै बंदर

फायनलचं आधी. पंधराव्या ओव्हरमध्ये अक्षरला 24 पडले, क्लासन तुटून पडला होता, त्या क्षणी इंडियाचा भाव आकाशात जाणारच, आणि तो बरोबरच होता. अशा स्थितीतून बॅटिंगवाली टीम बहुतेक वेळा जिंकते. नंतर सतराव्याच्या पहिल्या बॉलला हार्दिकने क्लासनला काढलं, बुमराने एक-एक रन महाग केला, शेवटच्या ओव्हरला 16 हवे असताना सूर्याने बाउंड्रीवर तो कॅच घेतला, आणि सात रननी जिंकलो. दर विकेटला भाव उलटा पळाला असणार. पण क्लासन जाणार हे कोणाला आधी माहीत नव्हतं. अशा शंभर सामन्यांत इंडियावर लावणारे बहुतेक वेळा हरले असते, आठवण राहते ती फक्त एकाची. बार्बाडोसची ती रात्र मी जन्मभर विसरणार नाही, पण तिच्यावरून पैसे लावायचा नियम काढता येत नाही रे.

चालू सामन्यात आणखी एक अडचण आहे ती पोरांना सांगच. टीव्हीचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, मोबाइलवरचं तर अजून मागे. ग्राउंडवर बसून बॉल पडला की इशारा पाठवणारे लोक पकडले गेलेत, त्याला पिचसायडिंग म्हणतात. जेटीवर मोबाइलवर "भाव फिरला" दिसतो तेव्हा ती विकेट पडून गेलेली असते, तुझ्या भावाला ती अजून बघायची असते. सेशनच्या, म्हणजे ठरावीक ओव्हरांत किती रन होतील त्यावरच्या भावाचंही तेच, 52-54 चा 56-58 झाला तर चौकार आधीच गेलाय.

फिक्सिंगचं मला जास्त लिहायचंय. भावावरून संशय येऊ शकतो हे खरं आहे. 2007 मध्ये पोलंडमधल्या सोपोटच्या टेनिस स्पर्धेत दाविदेन्को, तेव्हा जगात चौथा, 87 व्या नंबरच्या आर्जेन्टिनाच्या वासालो अर्ग्वेयोशी खेळत होता. पहिला सेट दाविदेन्कोने 6-2 जिंकला तरी बेटफेअर एक्सचेंजवर, म्हणजे लोक एकमेकांविरुद्ध लावतात त्या साइटवर, पैसा समोरच्यावरच येत राहिला, जिंकत असलेल्याचा भाव वाढतोय असं उलटं चित्र. तिसऱ्या सेटमध्ये दाविदेन्को पायाच्या दुखण्याने सोडून गेला आणि बेटफेअरने त्या सामन्यावरचे सगळे व्यवहार रद्द केले. पुरुष टेनिसची संघटना एटीपीने वर्षभर चौकशी केली आणि 2008 मध्ये दोन्ही खेळाडूंना पुराव्याअभावी मोकळं केलं. म्हणजे बघ, भाव एवढा उघड उलटा गेला, तरी त्यावरून कोणी दोषी आहे हे सिद्ध झालं नाही. दुखापतीची कुणकुण कोणाला लागली असेल तरी भाव असाच जाईल. भाव "चौकशी करा" एवढंच सांगू शकतो.

आणि उलट बाजू. 2010 च्या लॉर्ड्स टेस्टमध्ये पाकिस्तानच्या बोलरांनी ठरवून नोबॉल टाकले, ते प्रकरण बाहेर आलं ते वर्तमानपत्राच्या स्टिंगमधून. हॅन्सी क्रोनिएचं 2000 चं प्रकरण दिल्ली पोलिसांनी फोन ऐकले म्हणून उघडलं. खऱ्या प्रकरणांत फोन, पैसे, माणसं पकडली गेली, आणि जिथे भाव फक्त टॉसने हलला होता तिथे लोक "सेटिंग" ओरडत बसले. खेळाडू जीव तोडून खेळतात, भाव पडला म्हणून त्यांच्यावर चिखल उडवणं मला अजिबात सहन होत नाही.

वेंगुर्ल्याची वकील

गणित वर छान सांगितलंय, मी त्या चॅनलबद्दल बोलते कारण असे लोक माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा त्यांच्या आया येतात.

चॅनलवाला कसा "बरोबर" येतो ते बघ. समज 1600 माणसं आहेत, 800 जणांना सांगितलं अमुक टीम, 800 ना दुसरी. जे हरले त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्या 800 चे परत दोन भाग. चार सामन्यांनंतर 100 माणसं अशी उरतात ज्यांना तो चारही वेळा बरोबर आलेला दिसलाय, ती माणसं त्याला देव मानतात. शिवाय अशा बऱ्याच चॅनलवाल्यांना साइटकडून कमिशन मिळतं ते त्यांच्या लिंकवरून आलेल्या माणसाने जे गमावलं त्यातून. भावाला विचार, हा तुझ्या जिंकण्यावर कमावतोय की हरण्यावर.

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, पण महाराष्ट्राचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. म्हणून जेटीवरच्या पोरांपैकी कोणी तो चॅनल पुढे फॉरवर्ड करत असेल, कमिशन घेऊन माणसं जोडत असेल, तर त्याला आजच थांबव, खेळणाऱ्यापेक्षा तो जास्त अडकेल. आणि साइटने पैसे अडकवले तर दाद मागायला जागा नाही, बाहेरच्या देशातली साइट, नाव-गाव नसलेलं खातं, पोलिसात गेलं तर आधी तुम्हीच काय करत होता हे विचारतात.

अलिबागच्या काकांनी रेसचं लिहिलंय ते वेगळं आहे, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असा सुप्रीम कोर्टाचा 1996 चा निकाल आहे, त्यावरून क्रिकेटचा सट्टा पण चालतो असं कोणी समजू नये.

भावाशी बोलताना एक कर. त्याला वही दे आणि लावायच्या आधी भाव लिहायला सांग, टीम कोणती, किती वाजता, कोणत्या भावाला, आणि सामना सुरू होताना तो भाव किती होता. जिंकला-हरला नंतर. हातात वही असली की वाद कमी होतो. आणि वाट्याचे पैसे घरी पोचत नसतील, झोप उडाली असेल, उधारी झाली असेल तर गणितावर थांबू नको, टेलीमानसचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सड्यावरचा

ताईंनी वहीचं सांगितलं ते उत्तम, तीच तुझ्या प्रोजेक्टची पण पद्धत आहे.

डेटासाठी फुटबॉल घे, क्रिकेटचे जुने भाव धड मिळत नाहीत. फुटबॉल-डेटा डॉट को डॉट यूके या साइटवर युरोपातल्या लीगच्या फायली फुकट आहेत, प्रीमियर लीगचे सीझनला 380 सामने, निकाल आणि वेगवेगळ्या बुकींचे भाव एका ओळीत. पण तिथला पहिला भाव हा खरा ओपनिंग नाहीये हे लक्षात ठेव, वीकेंडच्या सामन्यांचे भाव शुक्रवारी दुपारी आणि मधल्या वारांचे मंगळवारी दुपारी गोळा केलेले असतात. म्हणजे तू शुक्रवार ते किकऑफ एवढंच हलणं मोजतोयस, तसंच लिही. आणि 2020 च्या जूनपासून पुढचा सीझन बहुतेक रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, घरच्या मैदानाचा फायदा तेव्हा घटला होता, ते सामने वेगळे काढ.

मार्जिन तिन्ही निकालांतून काढायचं, ड्रॉ विसरू नको. मग दोन्ही वेळच्या शक्यता घेऊन ब्रायर स्कोर काढ, म्हणजे शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी, क्लोजिंगचा कमी आला तर हलण्यात माहिती होती. त्यानंतर खरा प्रश्न, भाव 3 टक्क्यांपेक्षा जास्त पडलेल्या टीमवर क्लोजिंग भावाला लावलं असतं तर काय मिळालं असतं. एकाच बुकीचे दोन्ही भाव घे, शुक्रवारचा एकाचा आणि क्लोजिंग दुसऱ्याचा घेतलास तर मार्जिनमधला फरकच तुला हलणं म्हणून दिसेल.

खाडीपलीकडचा

फाइल उतरवली. पिनॅकल या बुकीचे कॉलम घेतो, पीएसएच आणि पीएससीएच, यातला दुसरा क्लोजिंगचा ना? काल वही पण दिली त्याला. पहिल्या पानावर तीन सामने लिहिलेत, तिन्ही ठिकाणी घेतलेला भाव आणि सुरू होतानाचा भाव जवळपास एकच आहे, म्हणाला याचा अर्थ काय, म्हटलं याचा अर्थ तू दर वेळी फक्त मार्जिन भरतोयस.

सड्यावरचा

हो, मधला सी म्हणजे क्लोजिंग. एच घरची टीम, डी ड्रॉ, ए बाहेरची. 2019-20 च्या आधी बऱ्याच बुकींचे क्लोजिंगचे कॉलम नाहीत, पिनॅकलचे त्याआधीपासून आहेत. रिकाम्या जागा असतील त्या ओळी काढून टाक, शून्य भरू नको.